ज्योतिर्विद्येचीं दोन घरें

विद्या वाढली म्हणजे तज्ज्ञ व हौशी यांस एकच सभा पुरेनाशी होते. लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी १८२० ची. पुढें तेथील निबंध हौशी मंडळींस कठीण वाटूं लागले. वर्गणी भारी, आणि स्त्रियांस फेलोपद बंदच! म्हणून १८९० त ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन निराळी निघाली. दुर्बीण लहान चाले; नोंद मात्र काटेकोर हवी. चंद्र, गुरु, धूमकेतु, रूपविकारी तारे, सर्वांस स्वतंत्र विभाग. ही व्यवस्था आम्हांस फार शहाणपणाची वाटते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात खरें. पण एडवर्ड माँडर यांच्यासारखे तज्ज्ञ दोन्हींकडे सुखानें नांदले. त्यांच्या पत्नी अ‍ॅनीबाई नव्या संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादिका झाल्या. जुन्या संस्थेनें १८९२ त नाकारलेलें फेलोपद त्यांस मिळालें तें १९१६ त.