स्टारबक मुलगी झाली, त्याची गोष्ट

आवडत्या सीरिजचा रीमेक येतोय म्हटलं की तुमच्या ग्रुपवर पहिला मेसेज कुठला पडतो? ‘वाट लावणार आता!’ त्यात हिरोच्या जागी हिरॉइन घेतली असेल, तर पुढचे दोन दिवस कुणी लेक्चरच्या नोट्सबद्दलही बोलत नाही.

हे भांडण काही आजचं नाही. 2003 मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन सायन्स फिक्शन सीरिजवरून ते जोरात झालं होतं. तुम्ही ती पाहिली नसेल, तर स्पॉयलर अलर्ट! पण तुम्ही स्वतः कथा, शॉर्ट फिल्म किंवा फॅन फिक्शन लिहीत असाल, तर स्पॉयलरसकट पुढे वाचाच.

मूळ सीरिज 1978 ची. ग्लेन लार्सन यांची, एबीसी चॅनलवरची. ‘स्टार वॉर्स’ येऊन जेमतेम वर्ष झालेलं. गोष्ट अशी, की माणसांच्या 12 वसाहती सायलॉन नावाचे यंत्रमानव एका हल्ल्यात बेचिराख करतात. वाचलेले लोक मिळतील त्या यानांतून पळतात आणि ‘गॅलॅक्टिका’ ही युद्धनौका त्यांना घेऊन पृथ्वी नावाचा ग्रह शोधायला निघते. ही सीरिज एका सीझनमध्ये गुंडाळली गेली.

पंचवीस वर्षांनी रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयिक यांनी ती पुन्हा उभी केली. मूर त्याआधी ‘स्टार ट्रेक’च्या मालिकांसाठी लिहायचे. त्यांनी गोष्टीचा सांगाडा आणि बरीचशी नावं ठेवली. फक्त जुन्या सीरिजमधला स्टारबक, म्हणजे सिगार ओढणारा, पत्ते कुटणारा, मुलींच्या मागे फिरणारा फायटर पायलट, आता कारा थ्रेस नावाची मुलगी झाला. ‘स्टारबक’ हे तिचं रेडिओवरचं टोपणनाव. सिगार तोच, पत्ते तेच, वर सीनियर अधिकाऱ्याला ठोसा मारण्याइतका भडकू स्वभाव. जुने फॅन खवळले. जुना स्टारबक साकारणाऱ्या डर्क बेनेडिक्टने तर या बदलावर टीका करणारा लेखच लिहिला.

पण सगळे ‘मुलगा की मुलगी’ यावर भांडत बसले आणि खरा बदल बाजूला राहिला. तो पाहायचा असेल तर झॅककडे बघा.

झॅक हा कमांडर अडामा यांचा धाकटा मुलगा. 1978 मध्ये तो गस्तीवर जातो आणि सायलॉनच्या हल्ल्यात मारला जातो. शत्रूने मारलं, विषय संपला. नव्या सीरिजमध्ये गोष्ट सुरू होण्याच्या दोन वर्षं आधीच तो विमान अपघातात गेलेला आहे. त्याला शिकवणारी कारा त्याच्या प्रेमात होती. तो पायलट होण्याच्या लायकीचा नाही हे माहीत असूनही तिने त्याला पास केलं. अडामांना यातलं काही ठाऊक नाही. ते तिला मुलीसारखं वागवतात आणि ती गप्प राहते.

नाव तेच, मृत्यूही तोच. लेखकाने फक्त दोषाची जागा हलवली. तो शत्रूच्या खात्यातून काढून आपल्या माणसाच्या खात्यात टाकला. त्यामुळे काराचं पिणं, भांडणं, जीव धोक्यात घालणं, सगळ्याला कारण मिळालं. ती अडामांसमोर खरं बोलते आणि ते तिला केबिनमधून निघून जायला सांगतात, तो प्रसंग बघाच. त्यानंतर ती एका उजाड चंद्रावर कोसळते, तेव्हा हेच अडामा अख्खा ताफा धोक्यात घालून तिला शोधत राहतात.

एकदा ही युक्ती कळली, की ती सगळीकडे दिसायला लागते. जुन्या सीरिजमध्ये सायलॉन एका परग्रहवासी सरपटणाऱ्या जमातीने बनवलेले. नव्यात ते माणसानेच नोकर म्हणून बनवलेले आणि नंतर उलटलेले. जुना बाल्टर सत्तेसाठी शत्रूशी हातमिळवणी करणारा सरळसरळ गद्दार. नवा बाल्टर हुशार, सेलिब्रिटी शास्त्रज्ञ. जिच्यावर तो भाळलाय तिला तो संरक्षण यंत्रणेचा अॅक्सेस देऊन बसतो आणि ती सायलॉन निघते. तिथून पुढे तो फक्त स्वतःची कातडी वाचवत राहतो. जुना बूमर एक भरवशाचा दोस्त. नवी बूमरही दोस्तच, पण ती सायलॉन आहे आणि हे तिचं तिलाच माहीत नाही!

हे सगळं अमेरिकेत 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन-तीन वर्षांत टीव्हीवर येत होतं. ‘शत्रू बाहेर आहे’ असं रोज ऐकणाऱ्या प्रेक्षकाला ही सीरिज विचारत होती, शत्रू आपल्यात असला तर? आपण स्वतःच घडवलेला असला तर? इराकमध्ये अमेरिकी फौजा असताना, 2006 मध्ये, तिसऱ्या सीझनची सुरुवात झाली. त्यात सायलॉनच्या ताब्यातल्या वस्तीत माणसंच आत्मघाती हल्ले करतात. तेही आपल्या आवडत्या बाजूची माणसं. मार्च 2009 मध्ये सीरिज संपत असताना न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तिच्यावर चर्चा झाली. विषय होते मानवी हक्क, दहशतवाद, समेट. ‘टाइमपास’ सायन्स फिक्शनसाठी हे फारच झालं, नाही का?

आणखी एक गंमत. जुन्या सीरिजचा हिरो अपोलो साकारणारे रिचर्ड हॅच यांना मूळ गोष्टच पुढे न्यायची होती, त्यासाठी त्यांनी अनेक वर्षं धडपड केली. नव्या सीरिजमध्ये त्यांनी टॉम झारेक साकारला, म्हणजे नव्या अपोलोला भिडणारा बंडखोर कैदी. रुसलेल्या फॅन्सना याहून चांगलं उत्तर कुठलं?

सगळंच जमलं असं नाही. शेवटच्या भागात कारा बोलता बोलता नाहीशी होते, आणि ती नक्की कोण होती याचं धड उत्तर मिळत नाही. चार सीझन जिच्या प्रत्येक कृतीचा हिशोब मांडला, तिचाच शेवट बेहिशेबी. फॅन्स त्यावर अजून भांडतात, आणि ते बरोबरच आहे.

आता तुमची पाळी. तुमची आवडती सीरिज घ्या. हिरोचं लिंग, जात, शहर, काळ, काय हवं ते बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. व्हिलनने केलेली एक वाईट गोष्ट शोधा आणि ती हिरोच्या हातून घडवा, प्रेमापोटी किंवा भीतीपोटी. मग पुढच्या प्रत्येक सीनमध्ये त्याला तिची किंमत मोजायला लावा. दोन-तीन एपिसोडांतच तुमच्या लक्षात येईल, की जुनी गोष्ट तुम्हाला सापडतच नाहीये. तिथून पुढचं तुमचं स्वतःचं असेल.

आणि हो, नव्या सीरिजचं टायटल म्युझिक स्किप करू नका. त्यात काय ऐकू येतं माहितीये? चक्क गायत्री मंत्र!