रुग्णालयाच्या दारातील पहिला प्रश्न

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, एवढे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यामुळे ती युद्धोत्तर सरकारने एका रात्रीत उभारली, असा समज होतो. हा भाग वर्गात शिकविताना मला नेहमी वाटते, की तिची पाळेमुळे आधीच्या वीस वर्षांतील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभारात शोधावीत. त्यासाठी दोन महायुद्धांमधील लंडनचे उदाहरण पाहू.

त्या काळी तेथील सर्वसाधारण रुग्णालये मुख्यतः दोन प्रकारची होती. गाय्ज किंवा सेंट बार्थोलोम्यूजसारखी रुग्णालये देणग्यांवर चालत आणि नामवंत डॉक्टर तेथे मानद सेवा देत. परंतु लवकर बरे होणारे अथवा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणास उपयोगी पडणारे रोगी त्यांना अधिक पसंत. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या वाट्याला बहुधा गरीब-कायद्याखालील ‘इन्फर्मरी’ येई. तिचा कारभार ‘गार्डियन’ मंडळाकडे असे आणि प्रवेशासाठी मदत-अधिकाऱ्याचा हुकूम लागे. तो आधी घरची मिळकत विचारी. आजारापेक्षा दारिद्र्य सिद्ध करणे लोकांना अधिक झोंबे.

याला एक अपवाद होता. साथीचा रोग श्रीमंत-गरीब पाहत नाही. म्हणून १८६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डा’च्या साथरोग-रुग्णालयांत १८९१ पासून सर्वच लंडनकरांना विनामूल्य उपचार मिळू लागले. भीतीने का होईना, दार प्रथम उघडले ते येथे!

रुग्णवाहिकांतही अशीच वाटणी होती. तापाचे रोगी नेण्यास या बोर्डाच्या गाड्या होत्या; रस्त्यात जखमी झालेल्यास मात्र पोलीस हातगाडीवरून नेत. अशा अपघातांसाठी लंडन काउंटी कौन्सिलने १९१५ मध्ये स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केली.

पुढे आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी १९२९ चा स्थानिक शासन कायदा आणला. १ एप्रिल १९३० रोजी गार्डियन मंडळे व असायलम्स बोर्ड बरखास्त झाली. त्यांची रुग्णालये आणि रुग्णवाहिका लंडनमध्ये काउंटी कौन्सिलकडे आल्या. इन्फर्मरीचे रुग्णालय झाले, आणि तिच्याविषयीचा जाब आता काउंटी कौन्सिलच्या प्रतिनिधीला विचारता येऊ लागला.

अर्थात हा बदल अपुराच होता. ऐपत असलेल्या रोग्याकडून खर्च वसूल करणे कायद्याने बंधनकारक होते. मिळकतीची चौकशी सुटली नाही. देशात इतरत्र अनेक कौन्सिलांनी ही रुग्णालये जुन्याच गरीब-मदतीच्या खात्याखाली राहू दिली. तरीही सार्वजनिक रुग्णालय सर्व नागरिकांचे असू शकते, ही कल्पना रुजली. १९४८ मध्ये रुग्णालये राष्ट्राकडे गेली. रुग्णवाहिका मात्र १९७४ पर्यंत स्थानिक संस्थांकडेच राहिल्या.

आपल्याकडेही सरकारी रुग्णालयाला ‘गरिबांचा दवाखाना’ असे सहज म्हटले जाते. या शब्दांत इमारतीपेक्षा आपलीच दृष्टी अधिक दिसते, असे मला वाटते. जेथे जाणे कमीपणाचे मानले जाते, तेथील उणिवांबद्दल बोलणारी माणसेही कमी होतात. म्हणून एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाची पारख करताना खाटांच्या संख्येबरोबर हेही पाहावे: दारात आलेल्या माणसाला तेथे पहिला प्रश्न कोणता विचारतात?