गंधाची तार

महाबळेश्वराच्या रानांत सातेरी मधमाश्यांच्या पेटीशीं कोणी धसमुसळेपणा केला, तर एखादी माशी डंख मारते आणि पाठोपाठ तिच्या अनेक बहिणी त्याच जागेवर तुटून पडतात. त्यांना वर्दी पोंचते ती डंखाबरोबर सुटणाऱ्या गंधानें. आयसोपेंटाइल ॲसिटेट हें त्यांतील एक प्रमुख द्रव्य; तें पिकल्या केळ्याच्या वासांतहि असतें. मधपाळ पेटीला धूर देतो, कारण माश्यांच्या मिशांची गंध ओळखण्याची शक्ति धुरानें तात्पुरती मंदावते.

अशा रेणूंच्या द्वारें हेतुपूर्वक संदेश पाठविण्याची विद्या शास्त्रज्ञ आज सिद्ध करीत आहेत. २०१३ सालीं कॅनडा व इंग्लंड येथील संशोधकांनीं मद्यार्काचे फवारे उडवून कांहीं मीटर अंतरावर ‘ओ कॅनडा’ हीं अक्षरें पोंचविलीं.

या विद्येंतील मोठी अडचण मागील संदेश पुसण्याची आहे. पहिल्या अक्षराचे रेणु रेंगाळतात व दुसऱ्या अक्षरांत मिसळतात. शिवाय वारा वा प्रवाह नसेल, तर अंतर दुप्पट होतांच वेळ सुमारें चौपट लागतो. म्हणून संशोधक प्रवाहाची जोड देतात, दोन निराळीं द्रव्यें आळीपाळीनें वापरतात, किंवा जुने रेणु तोडणारें विकर माध्यमांत मिसळण्याचा विचार करतात.

हा शेवटचा उपाय मनुष्यदेहांत मूळचाच आहे. मज्जातंतु स्नायूला ॲसिटिलकोलीन या द्रव्यानें आज्ञा देतो. त्या दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनहि लहान असते. आज्ञा पोंचतांच एक विकर त्या रेणूंचे तुकडे करतें. शेतांत फवारलीं जाणारीं कित्येक सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें नेमकें हेंच विकर निकामी करतात. मग जुनी आज्ञा पुसली जात नाहीं. कीटक मरतो, आणि तेंच विष पोटांत वा कातडींतून गेलेल्या मजुराला लाळ सुटते, स्नायु थरथरतात, श्वास कोंडतो.

म्हणून सांगली-साताऱ्याच्या उसाच्या मळ्यांत खोडकिडीसाठीं लावलेल्या कामगंध सापळ्याचें मोल अधिक. रबराच्या लहानशा बुचांत मादीच्या गंधाची नक्कल असते. त्या खोट्या निरोपानें त्याच जातीचे नर सापळ्यांत येतात. रोज ते मोजले, म्हणजे कीड वाढते आहे कीं नाहीं तें कळतें, आणि विनाकारण होणारी फवारणी टळते.