दोन बाय चार म्हणजे दीड बाय साडेतीन

इंटरनेटवरून उतरवलेल्या ड्रॉइंगवरून मी पहिलं कपाट केलं, तेव्हा त्याच्या फळ्या खाचांत खुळखुळत होत्या. ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. ते अमेरिकेतलं होतं, पाऊण इंची प्लायवुड धरून काढलेलं. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर आणि मी आणलेला प्लाय होता 18 चा. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या सुतारांच्या मापात सुताचा तिसरा हिस्सा (आठ सूत म्हणजे एक इंच). पण तो प्रत्येक खाचेत होता. ‘चांगलं ड्रॉइंग मिळालं की निम्मं काम झालं’ असं कुणी म्हणालं की मी आता आधी विचारतो, ड्रॉइंग कुठल्या गावचं?

गंमत म्हणजे तिकडच्या दुकानातही पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय बहुधा 23/32 इंचच भरतो. तिथला अनुभवी माणूसही खाच आखण्याआधी हातातला प्लाय मोजतो. त्याहून मोठा सापळा ‘दोन बाय चार’चा. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये हे नाव जागोजागी दिसतं, पण वाळवून, रंधून विकायला येणारा तो नग प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचा असतो. तिथे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी लिहीत बसत नाही. आपण वखारीत जाऊन दोन बाय चार मागितलं, तर वखारवाला प्रामाणिकपणे दोन बाय चार कापून देतो. लाकूड दीडपट जातं, टेबलाचे पाय हत्तीचे होतात आणि कटिंग लिस्टमधलं एकही माप जुळत नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे: ड्रॉइंग नवशिक्याला लागतं, खरा कारागीर स्वतःच्या डोक्यातून करतो. 1754 साली लंडनचा फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेल याने फर्निचरच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक छापलं. आगाऊ नाव नोंदवून ते घेणाऱ्यांत सरदार-दरकदार होते, तसे धंद्यातले सुतारही होते, आणि त्यांनी त्यातले नमुने बिनदिक्कत उचलले. मात्र त्या चित्रांत सांधे कसे करायचे हे जवळपास नाही. ते वाचणाऱ्याला येतं असं धरलेलं आहे. आपल्याकडेही ‘मानसार’ या शिल्पग्रंथात पलंग आणि सिंहासनांच्या मापांसाठी स्वतंत्र अध्याय आहेत. केरळात बेपूरला ‘उरू’ नावाची लाकडी जहाजं कागदी ड्रॉइंगशिवाय बांधतात हे खरं, पण म्हणून ते मनाला येईल तसं बांधत नाहीत. तिथे आराखडा मुख्य मेस्त्रीच्या डोक्यात असतो आणि तो त्याने गुरूकडून घेतलेला असतो.

मग स्वतःचं डिझाइन म्हणजे काय? कोऱ्या कागदावर सुचलेली, आधी कुणी न पाहिलेली वस्तू, असं बहुतेकांना वाटतं. अमेरिकेतल्या बागांमध्ये दिसणारी ती रुंद हातांची, मागे झुकलेली ॲडिराँडॅक खुर्ची आठवा. 1903 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्टला थॉमस ली नावाच्या गृहस्थांनी उन्हाळ्यात बाहेर बसायला म्हणून ती केली. एकामागून एक नमुने करून ते घरच्यांना त्यांवर बसवून पाहत. पेटंट 1905 मध्ये घेतलं ते मात्र त्यांचा सुतार मित्र हॅरी बनेल याने, स्वतःच्या नावावर! त्या मूळ खुर्चीला रुंद फळ्या होत्या. पंख्यासारख्या अरुंद पट्ट्यांची पाठ नंतर इतरांनी आणली. म्हणजे आज जिचं ड्रॉइंग घराघरांत वापरलं जातं, ती खुर्चीही दुरुस्त्या होत होत घडलेली आहे. 1974 मध्ये इटलीचे डिझायनर एन्झो मारी यांनी साध्या फळ्या आणि खिळ्यांत बसणाऱ्या फर्निचरची ड्रॉइंग्ज टपालखर्चावर मागेल त्याला दिली. लोकांनी खुर्ची नुसती उतरवून काढावी, एवढाच त्यांचा हेतू नव्हता. स्वतः ठोकून पाहिली की कुठली वस्तू चांगली घडली आहे हे माणसाला कळू लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. दुसऱ्याची दोन-चार ड्रॉइंग्ज इमानाने पुरी केल्याशिवाय बदल कुठे करायचा हेच कळत नाही.

बदल केला की मात्र हिशेब आपल्या अंगावर येतो. ‘डिझाइनला नजर लागते, गणित नाही’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पुस्तकांची फळी घ्या. जाडी तीच ठेवून लांबी अडीच फुटांवरून तीन फूट केली, तर पुस्तकांनी भरल्यावर तिला येणारा बाक दुप्पट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी तीच ठेवून 18 मिलिमीटरऐवजी 12 चा प्लाय लावला, तर बाक तिपटीहून जास्त. साधारण फुटामागे पाव सुतापेक्षा जास्त बाक डोळ्याला खुपू लागतो. मूळ ड्रॉइंग करणाऱ्याने अडीच फूट माप याच कारणासाठी घेतलं असेल, पण कारण तो लिहीत नाही. तीन फूट हवंच असेल तर पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी लावा, फळी पुष्कळ सुधारते.

लाकूड फुगतं-आकसतं तेही आडवं, रेषांच्या दिशेने जवळपास नाही. ओलं लाकूड पूर्ण कोरडं झालं, तर वर्तुळांच्या दिशेने सागवान सुमारे 5.8 टक्के आकसतं, अमेरिकी व्हाइट ओक 10.5 टक्के. घरात यातला थोडाच भाग घडतो, पण चौकटीत भरलेली रुंद फळी तडकायला तेवढा पुरतो. म्हणून ती फळी खाचेत मोकळी ठेवतात, तिला फेविकॉल लावत नाहीत. किती मोकळी, हे ड्रॉइंग सांगेल ते त्याच्या हवेसाठी. रत्नागिरीत ऐन मे महिन्यात केलेल्या दाराला फुगायला जागा ठेवावी लागते. तेच जुलैत केलं तर ते पुढे आकसणार, हे धरून चालावं लागतं.

फुकट मिळालेल्या ड्रॉइंगचं सगळंच फुकट असतं असंही नाही. चित्र आणि मजकूर यांवर कॉपीराइट असतोच. वस्तूच्या बाह्यरूपाची नोंदणी आपल्याकडे डिझाइन्स कायदा, 2000 खाली वेगळी होते. ती 10 वर्षांची, वाढवून 15. घरापुरतं एक स्टूल करणाऱ्याला याची झळ सहसा लागत नाही. विकायला बसणाऱ्याने चौकशी करावी.

गेल्या वर्षी आईसाठी लिहायचं मेज करायला घेतलं. ती मांडी घालून लिहिते. हाताशी असलेली ड्रॉइंग्ज सगळी 29-30 इंच उंचीची, खुर्चीवर बसणाऱ्यांची. जुन्या पेढीवर मुनीमजींपुढे असायचं तसलं उतरतं, बुटकं मेज हवं होतं. मग एका ड्रॉइंगमधून फक्त उताराचा कोन आणि खणाचे सांधे घेतले. उंचीसाठी पुठ्ठ्याचं खोकं कापून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने त्यावर वही ठेवली, चार ओळी लिहिल्या, कोपर जरा वर-खाली केलं आणि म्हणाली, “दोन बोटं खाली घे.”