जुन्या चेन सॉची हरवलेली ताकद

अमेरिकेतल्या होमलाइट कंपनीची एक्सएल-१२ ही १९६०च्या दशकातली चेन सॉ. मॅग्नेशियमची बॉडी, सुमारे ५४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. अशी यंत्रं आजही कामाची आहेत, ती चालती ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. मात्र ताकद वाढवायची म्हणून कुणी आधी सायलेन्सरला भोकं पाडू नयेत. तो सगळ्यात शेवटचा उद्योग. यंत्राची मूळ ताकदच बहुधा कुठेतरी गळत असते, आधी ती परत मिळवायची.

पहिली तपासणी कंप्रेशनची. प्लगच्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १२० ते १५० पीएसआय मिळालं तर उत्तम. १०० च्या बरंच खाली असेल तर पिस्टन-रिंगा पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

ठिणगी देणारे पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात. पडून राहिल्यावर त्यांच्यावर थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढा, मग कोरा कागद मधून फिरवा. फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. ही फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंगही सरकतं, म्हणून फीलर गेज हवंच.

खरी मेख कार्ब्युरेटरमध्ये. यात फ्लोट नसतो, म्हणून करवत आडवी धरली तरी चालते. इंजिनाच्या दाबाच्या ठोक्यांवर एक डायफ्रॅम पेट्रोल खेचतो, दुसरा गरजेपुरतं आत सोडतो. हे डायफ्रॅम कडक झाले की इंजिन भुकेलं राहतं. कार्ब्युरेटरचं किट आणून दोन्ही बदला, पेट्रोलची नळीसुद्धा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. काम संपलं की टाकी रिकामी करा.

कार्ब्युरेटरवरचे एल (कमी वेग) आणि एच (जास्त वेग) हे दोन्ही स्क्रू अलगद बंद करून एकेक फेरा उघडा, मग कानाने जुळवा. भाराविना पूर्ण थ्रॉटलला इंजिन थोडं फडफडलं पाहिजे आणि लाकडात शिरताच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. भाराविनाच सुरेल किंचाळत असेल तर मिश्रण पातळ आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि अशाने पिस्टन धरतो. चांगलं टू-स्ट्रोक तेल ३२:१, लिटरला साधारण ३० मिली, मला योग्य वाटतं.

एवढं करूनही करवत दाबावी लागत असेल तर दोष साखळीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ओरेगनच्या जो कॉक्सने लाकूड कुरतडणाऱ्या अळीचे जबडे पाहून आजच्यासारखी साखळी घडवली. तिचा प्रत्येक दात ढलपी काढतो. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की कानस घ्या. पूर्ण आकाराच्या ३/८ पिचला साखळीच्या बनावटीनुसार ५.२ किंवा ५.५ मिमीची गोल कानस लागते. ती आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे. दातापुढचा उंचवटा त्याच्या धारेपेक्षा ०.०२५ इंच खाली हवा. तो उंच राहिला तर धारदार दातही लाकडाला नुसता चाटून जातो. माझ्या मते कानशीइतका स्वस्त आणि खात्रीचा सुधार दुसरा नाही.

साखळीचं तेल इथे अंगठ्याने बटण दाबून सोडायचं असतं. कापताना ते विसरू नका.

आणि या करवतीला चेन ब्रेक नाही. साखळी ज्यावर फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर ती क्षणात तोंडाकडे उसळते. दोन्ही हातांनी पक्की धरा, टोकाने कधीही कापू नका.