संकरित मोटारसायकल : शेतकऱ्यानें घ्यावी काय ?

'संकरित' हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. १९६४ सालीं 'सी. एस. एच. १' ही संकरित ज्वारी आली. १९९८ सालीं कर्जतच्या संशोधन केंद्राचें 'सह्याद्रि' हें संकरित भात कोंकणांत आलें. दोन निराळ्या वाणांच्या मिलाफानें पीक जोमदार येतें, पण बीं दरवर्षीं नवें विकत घ्यावें लागतें, हें शेतकऱ्यानें अनुभवानें ओळखलें. आणि जोम किती व खर्च किती हें पाहूनच तें बीं घेतलें अगर सोडलें. हल्लीं पेट्रोल व वीज यांच्या मिलाफाची 'हायब्रिड' मोटारसायकल विक्रीस आली आहे. पालघर, बोईसर व तारापूर या बाजूस मोटारसायकल ही शेतकरी कुटुंबाची चैन राहिलेली नसून गरज झाली आहे. भाजी व चिकू बाजारीं नेणें, खत-औषध आणणें, आणि घरांतील एखादा मुलगा कारखान्यांत नोकरीस असल्यास त्याची रोजची ये-जा, हीं सर्व कामें तीच करते. तेव्हां बियाण्यास विचारलेला प्रश्न या गाडीसहि विचारणें प्राप्त आहे.

प्रथम ही गाडी आहे तरी काय, तें पाहूं. मार्च २०२५ मध्यें यामाहा कंपनीनें 'एफझेड-एस एफआय हायब्रिड' ही १४९ सी. सी. एंजिनाची मोटारसायकल भारतांत आणली. त्या वेळीं दिल्लींत तिची शोरूमची किंमत १,४४,८०० रुपये होती. पुढें २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी. पर्यंतच्या दुचाकींवरील जी. एस. टी. शेंकडा २८ वरून १८ वर आला व अशा सर्वच गाड्या कांहींशा स्वस्त झाल्या.

या गाडींत तीन गोष्टी अधिक आहेत. एंजिन सुरू करणारें व वीज उत्पन्न करणारें यंत्र एकच असल्यामुळें एंजिन आवाज न करितां सुरू होतें. गाडी थांबून उभी राहिली कीं एंजिन आपोआप बंद पडतें व क्लच दाबतांच पुन्हा चालूं लागतें. तिसरी गोष्ट अशी कीं, गाडी जागची हलतांना तेंच यंत्र बॅटरीच्या विजेवर कांहीं सेकंद एंजिनास हातभार लावतें. एवढाच तो संकर होय. ही गाडी केवळ विजेवर चालत नाहीं, आणि तिला घरीं प्लग लावून वीज भरावयाची नसते. खरोखर विजेवरहि चालणारी संकरित मोटारसायकल म्हणजे कावासाकी कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलेली 'निंजा ७ हायब्रिड'. तिच्यांत ४५१ सी. सी. चें एंजिन व निराळी विजेची मोटर आहे. पण ती भारी व महागडी असून शेतीच्या कामाची नव्हे.

आतां बचत कोठून होते तें नीट समजून घेतलें पाहिजे. गाडी उभी असून एंजिन चालू असेल तेवढाच वेळ जें पेट्रोल व्यर्थ जळतें, मुख्यतः तेंच वांचतें. एकदां गाडी एकसारख्या वेगानें चालूं लागली, म्हणजे हायब्रिड व साधी यांत म्हणण्यासारखा भेद उरत नाहीं. वाघोबा खिंडीचा चढ चढतांना विजेचा तो हातभार केव्हांच संपलेला असतो; मागें चिकूचे क्रेट बांधलेले असले तरी चढ एंजिनासच ओढावा लागतो. म्हणून 'गाडी किती ॲव्हरेज देते' या प्रश्नापेक्षां 'माझी गाडी रोज किती मिनिटें उभी राहून जळते' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

उदाहरणादाखल हिशेब मांडूं. उभ्या गाडीचें एंजिन तासास पाव लिटर पेट्रोल खातें, पेट्रोलचा भाव लिटरास १०५ रुपये आहे, वर्षांतून ३०० दिवस गाडी फिरते, आणि हायब्रिडसाठीं साध्या गाडीपेक्षां १२,००० रुपये अधिक मोजावे लागतात, असें धरूं.

(१) रोज ३ मिनिटें उभी राहणारी गाडी : वर्षाची बचत सुमारें ३९४ रुपये, जादा पैसे फिटण्यास ३० वर्षें.

(२) रोज १० मिनिटें : बचत सुमारें १,३१२ रुपये, ९ वर्षें.

(३) रोज ३० मिनिटें : बचत सुमारें ३,९३७ रुपये; ३ वर्षें.

वाचकांनीं आपापले आंकडे घालून हाच हिशेब करावा. सफाळें, केळवें, माहीम, वाणगांव या बाजूंच्या गांवांहून बाजारास जाणारा शेतकरी बहुतेक पहिल्या वर्गांत मोडेल. कारण त्याचा बराचसा रस्ता मोकळा असतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. पाळी सुटण्याच्या वेळीं बोईसरच्या नाक्यांवर ट्रक, बस व रिक्षा यांची जी कोंडी होते, तींत दहा-पंधरा मिनिटें सहज जातात. त्याला कांहीं लाभ होईल. परंतु तोहि दुसऱ्या वर्गाच्या फारसा पुढें जाणार नाहीं.

येथें एक साधी गोष्ट विसरूं नये. गाडी अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबणार असें दिसतांच हातानें एंजिन बंद करणें हा उपाय फुकटचा आहे. यंत्र जें काम बारा हजार रुपयांत करतें, तें अंगठ्याच्या एका बटनानें होतें. शिवाय एंजिन आपोआप बंद होण्याची सोय हवीच असेल, तर तिच्यासाठीं हायब्रिड घेणें भाग नाहीं. हीरो कंपनीनें ती 'आय-थ्री-एस' या नांवानें २०१४ सालींच स्प्लेंडर आय-स्मार्ट या शंभर सी. सी. वर्गाच्या गाडींत दिली होती. लहान एंजिन मुळांतच कमी पेट्रोल पितें, आणि गाडीची किंमतहि कमी असते.

दुसरा विचार दुरुस्तीचा. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा वाहते व पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. विजेच्या जोडण्यांस गंज चढण्यास याहून अनुकूल स्थान नाहीं. पुन्हा पुन्हा एंजिन सुरू करण्याचा सर्व भार बॅटरीवर पडतो. ती अशक्त झाली कीं ही सोय मिळेनाशी होते. साध्या गाडीचा बिघाड गांवचा मिस्त्री काढतो. या संयुक्त यंत्रासाठीं मात्र शहरांतील कंपनीच्या दुकानीं जावें लागेल. ऐन लावणींत गाडी चार दिवस तेथें अडकली, तर वर्षाची बचत त्या चार दिवसांतच जाईल. म्हणून विकत घेण्यापूर्वीं तें यंत्र व त्याचा नियंत्रक यांची किंमत, हमीची मुदत आणि बॅटरीचा भाव, हीं तिन्ही विक्रेत्याकडून लेखी घ्यावीं.

तात्पर्य, ज्यास १५० सी. सी. ची गाडी घ्यावयाचीच आहे, ज्याचा रोजचा रस्ता कोंडीचा आहे, आणि ज्यास किंमतींतील फरक थोडा पडतो, त्यानें हायब्रिड घेण्यास हरकत नाहीं. गाडी शांतपणें सुरू होते व कोंडींत धूर कमी होतो, हेहि लाभच आहेत. परंतु केवळ पेट्रोल वांचेल या आशेनें शेतकऱ्यानें ती घेऊं नये, आणि त्यासाठीं कर्ज तर मुळींच काढूं नये. कारण व्याजाचा आंकडा बचतीच्या आंकड्यास सहज गिळून टाकील. तेवढेच बारा हजार रुपये वाडींतील ठिबकाच्या नळ्यांस अगर चांगल्या कलमांस लावले, तर त्यांचें फळ दरवर्षीं हातीं येईल.

खरेदीपूर्वीं प्रत्येकानें एक आठवडाभर आपली गाडी रोज किती मिनिटें उभी राहून जळते, हें घड्याळ लावून टिपून ठेवावें. या कामीं एक वही व एक पेन्सिल पुरे. तीं टिपणें आम्हांकडे धाडल्यास त्यांचा एकत्र हिशेब करून पुढील अंकीं देण्यास आम्हांस आनंद वाटेल.