टुंड्राचा पाहुणा आणि आपली वालधुनी

दोस्तांनो, अंबरनाथच्या आनंदनगरातून समुद्रपक्षी बघायला जायचं, तर मुंबईची लोकलच पकडावी लागेल. पण त्या पक्ष्यांचं आणि तुमच्या गावाचं जवळचं नातं आहे बरं का!

हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. इंग्रजीत त्यांना ‘गल’ म्हणतात. त्यात एखादा थोराड कुरव दिसेल. पाठ गडद राखाडी, पाय पिवळे आणि पिवळ्या चोचीच्या खालच्या भागावर लाल ठिपका. हाच ह्यूग्लिनचा कुरव! लहानपणी तो तपकिरी, ठिपकेदार असतो. पूर्ण रूप यायला साधारण चार वर्षं लागतात. म्हणून भल्याभल्यांना तो ओळखू येत नाही.

त्याचं माहेर रशियाच्या उत्तरेला, टुंड्रात. तिथून मुंबई पाच हजार किलोमीटरहून लांब! तिथे तो जमिनीवरच घरटं करतो.

आणि तो लाल ठिपका कशासाठी? मोठ्या कुरवांची पिल्लं भूक लागली, की आईबाबांच्या चोचीवरच्या ठिपक्यावर टोचा मारतात. मग आईबाबा पोटातला खाऊ काढून देतात. निको टिंबर्गेन या शास्त्रज्ञांनी ह्यूग्लिनच्या एका भाईबंदावर याचे प्रयोग केले होते. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आणखी एक गंमत! कुरव खारं पाणी पिऊ शकतो. डोळ्यांवरच्या खास ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात.

आता नात्याकडे वळू. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे वालधुनीत टाकलेली पिशवी कुरवाच्या ताटात जाऊ शकते! मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, प्लॅस्टिक बाहेर टाकणाऱ्या नसतात. आणि नदीचा त्रास फक्त पक्ष्यांनाच होतो असं नाही. २०१४ साली वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरच्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला होता.

दुसरी चूक आपण प्रेमापोटी करतो. बोटीतून कुरवांना शेव-गाठिया टाकतो. ते झडप घालतात, आपण टाळ्या पिटतो. पण परतीच्या लांबच्या प्रवासासाठी त्यांना मासे, खेकडे असं खरं अन्न हवं. तळलेलं फरसाण नव्हे.

ह्यूग्लिनचा कुरव आज नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. म्हणूनच त्याला जपणं सोपं आहे! पिशवी नाल्यात टाकू नका, फरसाण स्वतःच खा. पाहुण्याला मात्र डोळे भरून बघा.